पहिला छेद कोणाच्या देहावर?

वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक समाजापुढे एक अप्रिय प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहिला आहे. शिकाऊ हाताचा पहिला छेद, पहिली सुई, पहिली अडलेली प्रसूती कोणाच्या देहावर व्हायची? त्याचे उत्तर उघडपणे देण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले. बहुतेक ठिकाणी ते न बोलता ठरले आणि गरिबाच्या विरोधात गेले. जिवंत रुग्णाला हात लावण्यापूर्वी प्रतिकृतीवर, यंत्रावर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाबरोबर सराव करून घेण्याच्या पद्धतीला आज सिम्युलेशन म्हणतात. दर सप्टेंबरात तिच्या नावाने जगभर सप्ताह साजरा होतो, तिच्या परिषदा भरतात आणि तिच्यात आयुष्य घालवणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यावसायिक वर्गही काही देशांत तयार झाला आहे. आपल्याकडे २०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमाबरोबर प्रत्येक महाविद्यालयात स्किल लॅब अनिवार्य झाली. ही पाश्चात्त्य तंत्रज्ञानाची ताजी देणगी आहे असे मानणे सोयीचे असले, तरी इतिहास वेगळे सांगतो. ही कल्पना फार जुनी आहे, ती पुन्हा पुन्हा सापडली आहे आणि पुन्हा पुन्हा हरवली आहे. ती कशी सापडली यापेक्षा कशी हरवली, हे आज आपल्या अधिक कामाचे आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा या विषयावरील जगातील अत्यंत प्राचीन लेखांपैकी एक. सर्व शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष कर्माचा सराव करून घ्यावा, ही त्यातली आज्ञा आहे, आणि तो कशावर करून घ्यावा याचा तपशील थक्क करणारा आहे. छेदनासाठी कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाणी आणि चिखल भरलेली चामड्याची पिशवी. खरवडण्यासाठी केस न काढलेले ताणलेले कातडे. शिरावेधासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. शल्य बाहेर काढण्यासाठी फणस-बेलाचा गर आणि मृत पशूंचे दात. टाके घालण्यासाठी जाड-बारीक वस्त्र आणि मऊ कातडे. पट्ट्या बांधण्यासाठी चक्क मनुष्याकृती पुतळा. म्हणजे कोणत्या ऊतीला कोणता पदार्थ हाताला तसाच लागतो, याचा कोणी तरी पिढ्यानपिढ्या बारकाईने विचार केला होता. त्यानंतरचाच अध्याय वैद्याने व्यवसायात प्रवेश करण्याचा, आणि त्यासाठी राजाची अनुज्ञा आवश्यक मानलेली आहे. त्याआधी, शिष्याच्या अध्ययनाची चर्चा करताना, कर्मात अनभिज्ञ असलेला कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही ही संहिता बजावते. सरावाअभावी होणाऱ्या मृत्यूची जबाबदारी केवळ शिष्याच्या नव्हे तर राज्यसंस्थेच्याही माथी मारणारा हा विचार आजच्या कोणत्याही आरोग्यमंत्र्याच्या कानाला टोचावा असा आहे.

या अध्यायाचे पुढे काय झाले? तो पाठ होत राहिला. पुढील शतकांत ग्रंथ वाचणारे आणि शस्त्र धरणारे यांच्यात अंतर पडत गेले. पोथी एका घरात आणि सुरी दुसऱ्या घरात अशी वाटणी झाली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याकडची एक हकिकत छापली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या एका शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा वैद्य पंडितांपैकी नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला होता, असे ते वृत्त सांगते. शस्त्र लावण्यापूर्वी त्याने मेणाचे पातळ पान घेऊन ते नाकाच्या जागी बसवले, मग सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याभोवती रेघ आखली. देहाला इजा करण्याआधी मेणावर केलेली ही आखणी योग्यासूत्राच्याच कुळातली. परंतु त्या वैद्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, त्याची शाळा नव्हती, आणि त्याचे कसब त्याच्या घराण्यापलीकडे जाण्याची काही व्यवस्था पेशवाईत नव्हती. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने ते वृत्त वाचले, शवांवर सराव केला आणि १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. दोन वर्षांनी त्याचा ग्रंथ आला. पुण्यात जे कसब होते ते लंडनमध्ये विद्या झाले.

चीनमध्ये या सरावाला दरबारी पाठबळ लाभले होते. सोंग राजवटीत वांग वेईयी याने १०२७ च्या सुमारास मनुष्याकृती ब्राँझचे पुतळे घडवले, त्यांवर सूचिचिकित्सेचे बिंदू छिद्रांनी दाखवले. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला वरून मेण फासून आत द्रव भरीत. सुई अचूक बिंदूवर पडली तर द्रव बाहेर येई. चुकीची किंमत रुग्णाऐवजी परीक्षार्थीच्या गुणांनी भरायची, ही योजना हजार वर्षांपूर्वीची आहे.

पण या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलके उदाहरण एका सुईणीचे आहे. सप्तवार्षिक युद्धात गुंतलेल्या फ्रान्सला माणसे कमी पडू लागल्याची धास्ती होती, आणि खेड्यापाड्यांत अडलेल्या बाळंतपणात माता व अर्भके मरत होती. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने मादाम द्यु कुद्रे या अनुभवी सुईणीला देशभर फिरून शिकवण्याचा हुकूम दिला. तिने कापड, चामडे आणि हाडे वापरून बाळंतिणीच्या कमरेची आणि गर्भाची एक प्रतिकृती बनवली होती, तिला ती आपले ‘यंत्र’ म्हणे. बाळ आडवे आले तर हात कोठे घालायचा, नाळ गळ्याभोवती असेल तर काय करायचे, हे ती निरक्षर शेतकरी बायकांकडून त्या यंत्रावर पुन्हा पुन्हा करून घेई. पुढे तिने त्यात रंगीत द्रवाने भिजवलेले स्पंजही बसवले, म्हणजे योग्य क्षणी रक्त आणि गर्भजल वाहावे. सुमारे पाव शतक ती गावोगाव फिरली आणि तिच्या हाताखालून हजारो स्त्रिया शिकून गेल्या. यंत्राच्या कौतुकात तिची व्यवस्थापनबुद्धी विसरली जाते. तिला राजकोशातून वेतन होते. ज्या शहरात ती शिकवी तेथे एक यंत्र मागे ठेवून जाई, आणि ते वापरून पुढे शिकवण्यासाठी तेथील एखाद्या शल्यवैद्याला स्वतः तयार करून जाई. यंत्र आणि ते चालवणारा माणूस यांची फारकत तिने होऊ दिली नाही. मग क्रांती झाली, राजकोश गेला, आणि १७९४ मध्ये, म्हणजे कावसजीच्या नाकाची बातमी लंडनमध्ये छापली गेली त्याच वर्षी, ती बोर्दो येथे वारली. तिचे एक यंत्र रुआँच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. संग्रहालयात पोहोचणे हा जतन झाल्याचा पुरावा आहे आणि वापर संपल्याचाही.

एकोणिसाव्या शतकाने दुसरा मार्ग निवडला. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचे रुग्णालय एकत्र उभे राहिले; भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पदवीधर त्यातून १८५१ मध्ये बाहेर पडले. रुग्णालय गरिबांसाठी आणि महाविद्यालय विद्यार्थ्यांसाठी, अशी ही जोडी युरोपातून आली होती आणि तिने या देशाचे अपार कल्याण केले, हे मान्य करूनच तिच्या पोटातला व्यवहार पाहिला पाहिजे. ज्याच्याकडे फी द्यायला पैसा नाही त्याने आपला देह शिकण्यासाठी द्यायचा, असा तो अलिखित करार होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या परंपरेतून आलेले, एकदा पाहा, एकदा करा, मग शिकवा हे सूत्र आपल्या निवासी डॉक्टरांच्याही तोंडी बसले. त्यातले ‘एकदा करा’ ज्याच्यावर घडते तो मात्र त्या सूत्रात कोठेच नाही. जनरल वॉर्डातील त्या माणसाची संमती दीडशे वर्षे गृहीत धरली गेली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून पदवी घेताना आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहीत होत्या, ही गोष्ट या संदर्भात आठवते. स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या मुलीने प्राचीन ग्रंथांकडे वळून पाहिले. त्या परतून शिकवत्या झाल्या असत्या तर काय घडले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १८८७ मध्ये त्या गेल्या.

विसाव्या शतकात सरावाची कल्पना वैद्यकाबाहेर, आकाशात, पुन्हा जन्मली. वाद्ये बनवणाऱ्या घरातील एडविन लिंक याने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून जमिनीवरच डुलणारे विमान तयार केले. लष्कराला ते खेळणे वाटले. जत्रांच्या मैदानांवर मात्र त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम सोपवण्यात आले, आणि धुक्यात, रात्री, उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणाला मुकले. मग त्याच लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. पुढे २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे मेली, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. कप्तानाची चूक कनिष्ठाच्या लक्षात येऊनही त्याला ती ठामपणे सांगता आली नव्हती. त्यानंतर विमानकंपन्या उड्डाणाइतकाच संवादाचा सराव करून घेऊ लागल्या. विमानाच्या अपघातात कप्तानही मरतो, म्हणून विमानोड्डाणाने हा धडा लवकर घेतला, आणि शल्यगृहात फक्त रुग्ण मरतो, म्हणून वैद्यकाने उशीर लावला, असे म्हणणे कठोर आहे. ते खोटे ठरवणे मात्र अवघड आहे.

वैद्यकात तेवढ्या काळात तुरळक प्रकाश पडत होता. नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी ‘अ‍ॅन’ नावाची बाहुली काढली. ती टिकली आणि जगभर पोहोचली. लॉस एंजेलिसमध्ये डेन्सन आणि अब्राहॅमसन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘सिम वन’ घडवला. तो श्वास घेई, त्याच्या बाहुल्या विस्फारत, दिलेल्या औषधाला तो प्रतिसाद देई. त्यावर शिकणारे भूलतज्ज्ञ कमी वेळात तयार होतात असेही दिसून आले. असा एकच पुतळा बनला. अनुदान संपले, दुसरा कोणी बनवला नाही. त्याच शहरात १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी विमानोड्डाणातील संकटसराव शल्यगृहात आणला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रुग्णालयातील टाळता येण्याजोग्या चुकांनी दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत असा अंदाज जाहीर केला, तेव्हा कोठे विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी थैल्या उघडल्या. बॅरोज यांची कल्पना पुढे अमेरिकेच्या परवान्यासाठीच्या एका प्रात्यक्षिक परीक्षेतच शिरली. मुंबई-पुण्याचे कित्येक तरुण डॉक्टर केवळ त्या एका दिवसाच्या परीक्षेसाठी अमेरिकेला जाऊन येत. जानेवारी २०२१ मध्ये ती परीक्षा बंद झाली. केवळ परीक्षेच्या आधारावर उभी राहिलेली, रुग्णाची भूमिका करणाऱ्यांची उपजीविका परीक्षेबरोबरच कोसळते, हीही एक नोंद.

या सगळ्या चढउतारांत एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते. सराव सुचतो तो मृत्यूंच्या राशीनंतर. टिकतो तो मात्र, तो करून घेणे हे कोणाचे तरी पगारी, प्रतिष्ठित, बढती असलेले काम होते तेव्हाच. लिंकचे यंत्र टिकले, कारण त्यामागे प्रशिक्षक नावाचे पद आले आणि ठरावीक मुदतीने त्याच्यापुढे बसल्याखेरीज विमान चालवता येणार नाही असा नियम आला. ‘सिम वन’ मेला तो तंत्र कमी पडले म्हणून नव्हे. पुण्याच्या शस्त्रवैद्याचे कसब त्याच्या घराबाहेर गेले नाही, ते हात कमी कुशल होता म्हणून नव्हे.

आपल्या राज्यातही या आकृतीचे दोन्ही रंग पाहायला मिळतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी जेमतेम शिकलेल्या गावच्या स्त्रियांना नवजात अर्भकाची काळजी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे हे सारे हाताने करून शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. द्यु कुद्रेच्या शेतकरी बायका आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूत यांच्यात दोनशेहून अधिक वर्षे आणि एक खंड यांचे अंतर असले, तरी तत्त्व एकच होते. पुढे देशाने ते काम आशा कार्यकर्तींकडे सोपवले, आणि त्या आज मोबदल्यासाठी मोर्चे काढतात. कौशल्य दिले, पद दिले नाही.

दुसरा रंग २०२१ चा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली. एप्रिलमध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूची गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि सरावाने वायर जळायची थांबत नाही. परंतु पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचे, कोणते बाळ आधी उचलायचे, झडप कोणी बंद करायची, दार कोणी उघडायचे, ही गोष्ट त्याच कक्षात, त्याच पाळीतल्या सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांना घेऊन केलेल्या रंगीत तालमीनेच अंगवळणी पडते. अशा प्रसंगांनंतर आपल्याकडे चौकशी होते, यंत्रणांची तपासणी होते आणि नवी उपकरणे येतात. माणसांचा सराव हा खरेदीच्या यादीत न बसणारा विषय असल्यामुळे तो मागे राहतो.

स्किल लॅबचे तेच होण्याची भीती आहे. महागडी मॅनिकिन आली, जडसंग्रह नोंदवहीत चढली, आणि मोडली तर भरपाई कोण देणार या धास्तीने कुलुपात गेली; तपासणीच्या आदल्या दिवशी पुसून बाहेर काढली. सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या कोणालाही हे चित्र अपरिचित नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या एखाद्या सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात ‘प्रभारी’ म्हणून लॅब घातली की नियमाची पूर्तता होते. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचर्येच्या विद्यार्थ्यांचे वॉर्डातील निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले तरी त्यांची तयारी कमी पडत नाही, हा त्याचा निष्कर्ष आपल्याकडे आनंदाने सांगितला जातो, कारण वाढत्या जागा आणि अपुऱ्या खाटा यांच्यावर तो हुकमी उतारा वाटतो. त्याला जोडलेली अट क्वचित सांगितली जाते: सराव करून घेणारे शिक्षक त्यासाठी खास प्रशिक्षित असावेत, पुरेशा संख्येने असावेत आणि प्रत्येक सरावानंतर काय घडले याची शिस्तशीर चर्चा व्हावी. खरे शिक्षण त्या चर्चेत होते. पुतळा हे निमित्त. ‘सर, तुम्ही चुकीच्या बाजूची नळी उचलली आहे’ हे वाक्य आपल्या शल्यगृहात एखाद्या इंटर्नने किंवा सिस्टरने उच्चारणे किती कठीण आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तेनेरीफ परके वाटणार नाही. आणि ते वाक्य उच्चारण्याचा सराव बिनरागाने करून घेणारा माणूस आपोआप निर्माण होत नाही, हेही कळेल.

तो माणूस कोठून येईल? निवृत्तीच्या वाटेवरच्या परिचारिकेपाशी तीस वर्षांचे शहाणपण असते आणि निवृत्तीच्या दिवशी ते नारळ-शालीबरोबर निरोप घेते. तिला सिम्युलेशन शिक्षिकेचे पद देता येते. पुतळ्याचे सॉफ्टवेअर, झडपा आणि कृत्रिम रक्त सांभाळणारा तंत्रज्ञ ही स्वतंत्र विद्या आहे आणि जैववैद्यकीय अभियंते ती मनापासून शिकतील. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साच्यातून देह घडवणारे हात आहेत. द्यु कुद्रेने कापडाने केले ते आपल्या बचत गटांच्या शिवणयंत्रांवर होऊ शकते. आणि महाराष्ट्राइतकी हौशी रंगभूमी असलेल्या प्रांताने रुग्णाची भूमिका करणाऱ्यांची टंचाई सांगावी, हा विनोद ठरेल. करंडक स्पर्धांतून उतरलेला, वऱ्हाडीत किंवा अहिराणीत ‘जीव घाबरा होतोय’ म्हणणारा, आणि मग विद्यार्थ्याला तुम्ही माझ्याकडे पाहिलेच नाही असे शांतपणे सांगणारा नट हा संवादकौशल्याचा उत्तम शिक्षक आहे. त्याला मानधन नव्हे, कामाचा करार हवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, भंडारा, वाशीम, जालना, बुलढाणा, हिंगोली त्यांत आहेत. नव्या संस्थांना जुन्या सवयी नसतात, आणि त्यांच्या रुग्णालयांत मुंबईइतके विविध रुग्ण येण्यास वेळ लागेल, म्हणून सरावाची गरज तेथेच सर्वाधिक आहे. त्यांच्या आकृतिबंधात पूर्णवेळ सिम्युलेशन शिक्षक, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षित अभिनय-रुग्ण ही पदे, त्यांच्या वेतनश्रेणीसह आणि बढतीच्या पायऱ्यांसह, शासनाने मंजूर करावीत; आणि ती मंजूर होईपर्यंत एकही नवा पुतळा खरेदी करू नये.